फळीची उलटी बाजू

मी जमिनीला नाक लावून पालथी पडले होते आणि नेमकी तेव्हाच वैशाली आत आली.

"अगंबाई! मॅडम, चक्कर आली का?"

"मला काही झालेलं नाही. तू इकडे ये आणि वास घे."

वैशालीनं ओढणी सावरली, गुडघे टेकले आणि माझ्याशेजारी नाक जमिनीला लावलं. ती चाकणच्या एका मोठ्या कंपनीची एचआर ऑफिसर, मी पन्नाशी उलटलेली बाई, आणि आम्ही दोघी नव्याकोऱ्या लाकडी जमिनीवर ओणव्या. काचेपलीकडून सिक्युरिटीवाला बघत होता. त्याला वाटलं असेल, वास्तुशांत चाललीय.

"पॉलिशचा आहे ना?" ती म्हणाली.

पॉलिशचा नव्हता. पॉलिश मी स्वतः निवडलं होतं, पाण्यात मिसळणारं, मुलांच्या खेळण्यांना लावतात तसलं. त्याला वाळल्यावर वास राहत नाही. हा वास बारीक होता, पण एकदा नाकात बसला की सुटत नव्हता. मी मूळची चिखलीची. आता तिथं इमारतीला इमारत लागलीय, पण माझ्या लहानपणी आमचं शेत होतं आणि गोठ्याच्या कोपऱ्यात फवारणीचा पंप असायचा. आई त्या कोपऱ्यात फिरकू द्यायची नाही. "तकडं जाऊ नगा, हात धुतलं तरी जात न्हाई त्ये," म्हणायची. त्या पंपाचा वास मी अजून विसरलेले नाही. खिडकीजवळच्या कोपऱ्यात, फळ्यांच्या सांध्यांतून, तसला वास येत होता.

आणि ही जमीन वैशालीच्या कंपनीतल्या पाळणाघराची होती. सोमवारी उद्घाटन होतं.

माझं काम सांगते, म्हणजे पुढचं समजेल. चिंचवडच्या एका कॉन्ट्रॅक्टर कंपनीत मी मटेरियल बघते. आमची कंपनी ग्रीन बिल्डिंगची कामं घेते. ग्रीन बिल्डिंग म्हणजे भिंतींना हिरवा रंग नव्हे, हे मला आजही नातेवाइकांना सांगावं लागतं. वीज किती वाचली, पाणी किती वाचलं, सामान कुठून आलं, या सगळ्याला गुण असतात. लाकडाचे गुण हवे असतील तर लाकूड सर्टिफाइड लागतं. म्हणजे झाड तोडलं तिथं पुन्हा झाड लावतात, याची कुणीतरी जाऊन तपासणी केलेली असते. शिवाय जंगलापासून दारापर्यंत ज्याच्या ज्याच्या हातातून ते लाकूड जातं, त्या प्रत्येकाकडे स्वतःचं सर्टिफिकेट लागतं. मधला एक हात बिनसर्टिफिकेटचा निघाला, की सोन्यासारखं लाकूड हिशेबात सरपण होतं.

दुसरा रस्ता म्हणजे वापरलेलं लाकूड पुन्हा वापरायचं. त्यालाही सर्टिफिकेट असतं आणि आपल्या पट्ट्यात त्याला तोटा नाही. चाकणला रोज परदेशातून मशिनं येतात, ती जाडजूड पाइनच्या पेट्यांतून येतात. मशीन आत जातं, पेटी भंगारात. ते लाकूड इतकं देखणं असतं की बघून जीव हळहळतो. या पाळणाघराची जमीन त्याच लाकडाची करायची, ही कल्पना माझीच. वैशालीच्या कंपनीच्या साहेबांना भलतीच आवडली होती.

पण पेटीच्या लाकडाला एक भानगड असते. परदेशातून किडे येऊ नयेत म्हणून कुणी लाकूड भट्टीत तापवतं, कुणी त्यावर विषारी गॅस सोडतं. कोणतं केलंय ते लाकडावर मारलेल्या शिक्क्यातल्या दोन अक्षरांवरून कळतं. तापवलेलं चांगलं. गॅसचं मी आत घेत नाही. गॅस उडून जातो, असं सगळे म्हणतात, आणि बहुतेक वेळा जातोही. पण मूल रांगणार तिथं 'बहुतेक' चालत नाही. त्याहून वाईट म्हणजे ड्रमखालची पॅलेट. पॅलेट म्हणजे माल ठेवायची लाकडी चौकट. ड्रम गळतो, पॅलेट पिते. काय प्यायलीय ते डागावरून कळतं, नाहीतर कळतच नाही.

म्हणून माझा एक नियम आहे. फळीची वरची बाजू रंधा मारून गुळगुळीत करायची. खालची बाजू जशी आली तशी ठेवायची. शिक्का खाली राहतो, डाग असला तर तोही. जमीन झाल्यावर कुणाला दिसत नाही, पण कुणी विचारलं तर एक फळी उचलून दाखवता येते. मी त्याला लाकडाचं आधार कार्ड म्हणते.

कोपऱ्यात सुतारांनी काही फळ्या जास्तीच्या ठेवल्या होत्या, पुढे एखादी बदलावी लागली तर असाव्यात म्हणून. मी एक उचलली आणि उलटी केली.

खालची बाजू गुळगुळीत होती. लोण्यासारखी. शिक्का नाही, डाग नाही, काही नाही. दुसरी उलटी केली, तीही तशीच. तिसरीही.

"काय झालं मॅडम?" वैशाली म्हणाली.

"काही नाही. चौकशी करते."

"मॅडम, तुमचा चेहरा बघा आधी. काय झालं ते सांगा."

या मुलीशी खोटं बोलणं अवघड होतं. हे पाळणाघर तिनं भांडून भांडून आणलं होतं. तिची ओवी अजून रांगत होती. सासूबाई बीडहून येऊन ओवीला सांभाळत होत्या आणि आता त्यांना परत जायचं होतं. पाळणाघर सुरू झालं नाही तर वैशालीला नोकरी सोडावी लागणार, हे ती मला इतक्या वेळा बोलली होती की मलाच पाठ झालं होतं.

मी तिला सांगितलं. या फळ्या कोणत्या लाकडाच्या, ते आता मला ठाऊक नाही. चांगल्याही असतील. नसतीलही.

मग ती हळूच म्हणाली, "ओवी काल इथं होती."

"काय?"

"फोटोसाठी. कंपनीच्या अंकात टाकायचाय, पाळणाघरातलं पहिलं बाळ म्हणून. खिडकीपाशी उजेड चांगला होता, तिथं बसवलं. बराच वेळ रांगली. मॅडम, ती सगळं तोंडात घालते. जमीनसुद्धा चाटली तिनं, आम्ही हसलो, त्याचाही फोटो आहे." तिचा आवाज बारीक झाला. "चाटलं तर काही होतं का?"

एवढी वर्षं या धंद्यात आहे, लाकडावर लोकांना ट्रेनिंग देते, आणि त्या पोरीच्या सरळ प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

"घरी फोन कर, ओवी कशी आहे विचार," एवढंच म्हणाले, एक फळी काखेत मारली आणि गाडीकडे पळाले.

फळ्या हमीदभाईंच्या शेडमधून आल्या होत्या. हमीदभाई चिखलीचे, त्यांच्या वडिलांपासून लाकडाचा व्यापार. माझ्या वडिलांनी आमच्या घराची दारं त्यांच्याच वडिलांकडून घेतली होती. जुन्या लाकडाचं सर्टिफिकेट घ्यायचं हमीदभाईंनी ठरवलं तेव्हा आजूबाजूचे व्यापारी हसले होते. "भंगाराला कसलं सर्टिफिकेट, भाई? उद्या रद्दीला डिग्री द्याल." हमीदभाईंनी ते मनावर घेतलं. तपासणीवाले आले, प्रश्न विचारून गेले, पुन्हा आले. शेवटी सर्टिफिकेट मिळालं तेव्हा त्यांनी ते फ्रेम करून शेडच्या दारासमोर लावलं, म्हणजे हसणाऱ्यांना रस्त्यावरून दिसावं. आमच्या सगळ्या कामांना तेव्हापासून त्यांचंच लाकूड. माणूस एक नंबर. आणि आता त्याच माणसाकडे मी ही फळी घेऊन चालले होते.

तळवडे चौकात गाडी अडकली. कंपनीच्या बसगाड्या, कंटेनर, रिक्षा, सगळे एकमेकांत घुसलेले. काच बंद होती आणि मागच्या सीटवर फळी होती, आणि मला तो वास यायला लागला. खरंच येत होता की डोक्यात बसला होता, देव जाणे. मी काच खाली केली तर बाहेरचा धूर आत आला. तेवढ्यात वैशालीचा फोन.

"मॅडम, सासूबाई म्हणतायत, सकाळपासून ओवीच्या हनुवटीवर लाल चट्टे आलेत."

"डॉक्टरांकडे ने. आत्ता. जमीन चाटली होती हे सांग, लपवू नकोस."

"मॅडम, तुम्ही मला घाबरवताय."

"मी स्वतः घाबरलेय गं. जा."

मी फोन ठेवला. मागचा रिक्षावाला हॉर्न मारमारून ओरडला, "ओ ताई, चला की! झोपला काय?" पुढचा रस्ता मोकळा झाला होता आणि मला दिसलाच नव्हता.

हमीदभाई शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. मला बघून उठले. "या या, मोरे मॅडम! चहा सांगतो."

"चहा राहू द्या. ही फळी बघा."

त्यांनी फळी हातात घेतली, वरची बाजू बघितली, कौतुकानं हात फिरवला. "क्या फिनिश है! आमच्या बब्रुवानचा हात आहे."

"उलटी करा."

त्यांनी उलटी केली. हसू गेलं. पुन्हा सुलटी केली, पुन्हा उलटी. मग शेडमध्ये आत गेले, मी मागोमाग.

या शेडमध्ये नेहमी दोन ढीग असायचे. डावीकडे तापवलेलं चांगलं लाकूड. उजवीकडे नको असलेलं. त्यात गॅसचं, ड्रमखालचं, डागाळलेलं. उजवीकडचं पुढे सेंट्रिंगवाल्यांना जायचं, स्लॅब ओतताना खालून ठोकायला. दसऱ्याच्या आधी मी स्वतः येऊन डावा ढीग तपासला होता, शिक्के बघितले होते, पास केला होता. आता शेडमध्ये एकही ढीग नव्हता. भिंतीला लागून फळ्यांच्या उंचीप्रमाणे रांगा लावलेल्या, पुस्तकं लावावीत तशा. मशिनवर झेंडूचे हार अजून होते, वाळलेले.

"बब्रुवान!" हमीदभाई ओरडले.

बब्रुवान त्यांचा मुख्य मिस्त्री. लातूरकडचा, कामाला वाघ. तो घाम पुसत आला.

"खंडेनवमीला शेड आवरली, तेव्हा दोन्ही ढीग कुठं ठेवले?"

"एकत्रच की मालक. साइजवारी लावलं."

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, हे सगळ्यांना माहीत आहे. हमीदभाईंच्या शेडमध्येही होते. सुतार सगळे मराठवाड्यातले. वडिलांच्या वेळेपासून हार आणि पेढे हमीदभाईच आणतात, नारळ बब्रुवान फोडतो. त्या दिवशी मशीन बंद आणि शेड आरशासारखी लख्ख. या वर्षी हमीदभाईंनी चार क्लायंटही बोलावले होते, सर्टिफिकेट मिळाल्यानंतरचा पहिला दसरा म्हणून.

"आणि त्या खालच्या बाजूला रंधा कशाला मारलास?" हमीदभाईंनी विचारलं. आवाज चढला नव्हता, पण मला त्यांच्याकडे बघवेना.

"पाहुणे येनार हुते मालक. काळे शिक्के, तेलाचे डाग, कसं दिसतंय ते? लोक म्हनतेत भंगार हाय, भंगार हाय. म्हनलं, दोन्ही अंगानी नवं दिसू द्या. पोरं दोन दिस खपली." तो आमच्या तोंडाकडे बघू लागला. "काय चुकलं का?"

काय सांगणार त्याला? मालकाला कुणी भंगारवाला म्हणू नये, म्हणून त्यानं विषाचे डाग घासून काढले होते. मन लावून, सणासाठी, पूजेआधी.

हमीदभाई मशिनच्या कडेवर बसले. मी त्यांना वैशालीचं सांगितलं, ओवीचं सांगितलं, हनुवटीवरच्या चट्ट्यांचं सांगितलं. त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला. "या अल्ला," एवढंच म्हणाले. त्यांच्या मुलीची मुलगीही त्याच वयाची.

मी शेडच्या बाहेर येऊन आमच्या जोगळेकर सरांना फोन लावला. सर म्हणजे आमचे डायरेक्टर, कंपनी त्यांचीच. हुशार माणूस, पण अडचण दिसली की त्यांचा आवाज फार गोड होतो.

"मोरे मॅडम, तुम्हीच ट्रेनिंगमध्ये शिकवता ना, गॅस उडून जातो?"

"गॅस जातो सर. ड्रममधलं गळलेलं जात नाही. त्या कोपऱ्यात औषधाचा वास आहे."

"औषध म्हणजे कोणतं?"

"ते माहीत नाही, म्हणूनच तर फोन केला."

"म्हणजे सिद्ध काहीच नाही. सँपल लॅबला पाठवा की. रिपोर्ट येईल तेव्हा बघू."

"रिपोर्ट सोमवारच्या आत येत नाही."

सरांचा आवाज आणखी गोड झाला. "सोमवारी त्यांचे जपानचे साहेब येतायत. पाळणाघर हा त्यांचा मुख्य आयटम आहे. तुम्ही हँडओव्हरवर सही करा. खिडक्या उघड्या ठेवू, रूम फ्रेशनर मारू. नंतर शांतपणे काय ते करू. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"सर, मुठीत काय आहे ते तरी बघा."

"मॅडम, तुम्ही उगाच घाबरताय. आणि हे बाहेर गेलं तर हमीदभाईंचं सर्टिफिकेट जाईल, आपले गुण जातील, पुढची कामं जातील. तुमची पोझिशनसुद्धा मला सांभाळता येईल की नाही... विचार करा."

फोन बंद झाला. खरं सांगते, त्या क्षणी मला नोकरीचीही भीती वाटली. माझ्या वयाच्या बाईला या लाइनीत दुसरीकडे कोण घेतो? सर म्हणाले तसं काहीच नसेलही. सगळ्या फळ्या डाव्या ढिगातल्याच असतील. वास माझ्या नाकाचा खेळ असेल. मी सही केली, कुणाला काही झालं नाही, तर कुणाला कळणारही नाही. असं मनात येऊन गेलं. पण विषाची परीक्षा कुणाच्या लेकराच्या जिभेवर घ्यायची? आणि सही माझी असणार होती.

मी परत आत गेले. हमीदभाई उठून उभे होते. त्यांनी बब्रुवानला कटावण्या काढायला सांगितलं होतं. कटावणी म्हणजे खिळे उपटायचा लोखंडी दांडा.

"सर काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"सही करा म्हणाले."

"मग?"

"तुम्ही काय म्हणता?"

"मॅडम, मी काय म्हणणार? मी लेकराबाळांचा माणूस." त्यांनी भिंतीवरच्या फ्रेमकडे बघितलं. "ते भिंतीवर राहील नाहीतर जाईल. चला, उखडू."

"सरांची परवानगी नाही."

"उखडलेल्या जमिनीचं उद्घाटन कोण करतो? एकदा उखडली की परवानगीचा प्रश्नच मिटला."

मला त्याही अवस्थेत हसू आलं. टेम्पोत बब्रुवान आणि त्याची माणसं बसली, हमीदभाई माझ्या गाडीत. मी सारखी फोनकडे बघत होते. वैशालीचा फोन येत नव्हता. मी लावला तर उचलत नव्हती. मोशीपासून चाकणपर्यंत फोनचा पडदा काळाच राहिला.

गेटवर अडलो. कटावण्या आत न्यायच्या तर पास लागतो, लाकूड बाहेर काढायचं तरी पास लागतो, आणि पास सही करणारी वैशाली. सिक्युरिटीवाला म्हणाला, "मॅडम हॉस्पिटलला गेल्यात."

आम्ही गेटबाहेर उभे राहिलो. शिफ्ट सुटली, माणसांचे लोंढे आमच्या अंगावरून गेले. हमीदभाई टेम्पोच्या सावलीत उकिडवे बसले होते, ओठ हलत होते. बब्रुवान लांब उभा होता. त्याला आता सगळं कळलं होतं आणि तो कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता.

मग एक रिक्षा थांबली. वैशाली उतरली, कडेवर ओवी. आधी मी ओवीकडेच बघितलं. हनुवटी लाल होती, पण पोरगी टुकूटुकू बघत होती, आईचं मंगळसूत्र चोखत होती. मला रडूच फुटलं, भर रस्त्यात.

"डॉक्टर म्हणाले, दात येतायत, लाळेनं चट्टे उठतात," वैशाली म्हणाली. "पण जमिनीचं सांगितल्यावर म्हणाले, लक्ष ठेवा. उलटी झाली, सुस्त झाली तर लगेच आणा. म्हणजे काय मॅडम? नक्की कशानं?"

"नक्की कुणालाच माहीत नाही गं. मलाही नाही. आम्ही जमीन उखडायला आलोय. पास तुझ्या सहीनं मिळतो."

तिनं कटावण्यांकडे बघितलं. "उखडली तर सोमवारी उद्घाटन नाही."

"नाही."

"सासूबाईंचं तिकीट काढलंय. मी सुट्टी आता मागू शकत नाही, सगळी संपलीय. माझी नोकरी जाईल मॅडम. एवढं भांडून आणलं मी हे." तिचे डोळे भरले. मग तिला राग आला, आणि तो यायलाच हवा होता. "तुम्हाला आधी नाही कळलं? तुम्ही तज्ज्ञ ना? तपासायचं काम तुमचंच ना?"

मी मान खाली घातली. बब्रुवान पुढे आला, हात जोडले. "ताई, माजी चूक हाय. मॅडमची न्हाई. मी खरवडलं समदं."

वैशालीनं त्याच्याकडे बघितलं, मग ओवीकडे. ओवीनं हात लांब करून बब्रुवानच्या गळ्यातला गमछा धरला आणि तोंडाकडे ओढला. तोंडात घालण्याआधीच वैशालीनं तो तिच्या हातातून हिसकावला. मग गेटच्या केबिनमध्ये गेली आणि पासवर सही केली.

संध्याकाळपर्यंत सगळी जमीन निघाली होती. खिडकीपाशी आलो तेव्हा वास इतका स्पष्ट आला की बब्रुवानची माणसं नाक मुरडून मागे सरली. मी त्या कोपऱ्यातल्या फळ्यांचे तुकडे वेगळ्या पिशवीत बांधले, बाकीचे वेगळे, आणि लॅबला पाठवायला ठेवले. हमीदभाई फळ्यांखालच्या उघड्या पडलेल्या पट्ट्यांवर उभे राहून फोनवर बोलत होते. सर्टिफिकेट देणाऱ्यांना ते स्वतःच कळवत होते. माझ्याकडे माल मिसळला, चूक माझ्या शेडची, तुम्ही येऊन बघा.

जोगळेकर सरांना मी कळवलं तेव्हा त्यांचा आवाज गोड राहिला नाही. ते काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. सोमवारी जपानचे साहेब आले, त्यांना बाग आणि सोलर पॅनल दाखवलं. उखडलेली खोली बघून त्यांनी विचारलं, हे काय? सर म्हणाले, "वुई आर अपग्रेडिंग." साहेब मान डोलावून पुढे गेले.

लॅबचा रिपोर्ट पुढे आला. बहुतेक तुकडे स्वच्छ होते. खिडकीजवळच्या कोपऱ्यातल्या फळ्यांत कीटकनाशकाचा अंश निघाला. मुलांच्या जवळपास नको, असं रिपोर्टमध्ये साध्या भाषेत लिहिलं होतं. रिपोर्ट वाचला आणि मी खुर्चीत बसून राहिले. ओवीला बसवलं होतं तो हाच कोपरा. तिला पुढे काही झालं नाही, देवाची कृपा, ती टुणटुणीत आहे. पण वैशालीनं पाठवलेला तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे, जमिनीला जीभ लावलेला, आणि तो बघून कुणी हसलं की माझ्या अंगावर काटा येतो.

हमीदभाईंचं सर्टिफिकेट काही काळ थांबवलं गेलं. फ्रेम त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवली. हसणारे पुन्हा हसले. आमच्या सरांनी मला दोन प्रोजेक्टवरून काढून ऑफिसात बसवलं. वैशालीच्या सासूबाईंनी तिकीट रद्द केलं, वर्षभर टोमणे मारता येतील एवढा माल त्यांना मिळाला, पण त्या थांबल्या आणि वैशालीची नोकरी राहिली.

शेडमध्ये आता डाव्या आणि उजव्या ढिगाच्या मधे बब्रुवाननं वीट-सिमेंटची भिंतच बांधलीय. सर्टिफिकेटवाले पुन्हा येऊन सगळं तपासून गेले, भिंत बघून समाधानानं हसले म्हणे. फ्रेम परत टांगली गेली, पण आता दारासमोर नाही, त्या भिंतीवर. आणि पाळणाघराची जमीन पुन्हा हमीदभाईंच्याच लाकडाची झाली. प्रत्येक फळी मी स्वतः उलटी करून शिक्का बघितला. शिवाय काही फळ्या शिक्का वर ठेवून भिंतीला लावल्या. जोगळेकर सर हल्ली क्लायंटना त्या दाखवतात आणि आमची डिझाइनची आयडिया म्हणून सांगतात. सांगू देत.

माझा धडा एवढाच. सर्टिफिकेट भिंतीवर बघावं, लाकूड उलटं करून बघावं, आणि शेड फारच लख्ख दिसली की आधी विचारावं, काय काय घासलंत?

पाळणाघर सुरू झालं त्या दिवशी कुणी साहेब आले नव्हते. हमीदभाई, बब्रुवान आणि मी दाराशी उभे होतो. वैशाली ओवीला घेऊन आली. मधल्या काळात पोरगी चालायला लागली होती. आईचं बोट सोडून ती डुलत डुलत खिडकीपर्यंत गेली, तिथं धपकन बसली, वाकली आणि जमिनीला जीभ लावली.

बब्रुवाननं श्वास रोखलेला मला ऐकू आला. वैशाली दचकून पुढे झाली, मग थांबली आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, "चाटू दे."